किहीममध्ये किहीमकर नसतो

“नाव?”
“किहीमकर.”
“माहीमकर?”
“नाही, किहीमकर. क, किसनचा क.”
“हां, तेच. माहीमकर.”

आणि कारकून शांतपणे माहीमकर लिहून मोकळा होतो. मुंबईत माहीम सगळ्यांना ठाऊक असतं. किहीम म्हटलं तर शनिवार-रविवारी मांडव्याच्या बोटीत बसणाऱ्यांना तेवढं आठवतं, तेही समुद्रकिनारा म्हणून. त्या किनाऱ्यावरून एक आडनाव निघालं, खाडी ओलांडून मुंबईत आलं, भायखळा-माझगाव-आग्रीपाड्याच्या चाळींमध्ये राहिलं आणि पुढे थेट इस्राएलच्या वाळवंटापर्यंत गेलं, हे त्या कारकुनाला माहीत असायचं काही कारण नाही. मुंबईची टेलिफोन डिरेक्टरी जेव्हा दोन हातांनी उचलावी लागे, तेव्हासुद्धा त्यात पाटील-कदमांची पानंच्या पानं भरायची. किहीमकर शोधायला मात्र बोट फिरवावं लागायचं.

मराठीत ‘कर’ लावून आडनाव करण्याची सोय इतकी हाताशी आहे की तिच्यातली एक गंमत आपल्या लक्षात येत नाही. गावात राहणाऱ्या माणसाला त्या गावाचं नाव लावायची गरजच नसते. किहीममध्ये सगळेच किहीमचे. तिथे कोण म्हात्रे, कोण पाटील, कोण राऊत, एवढंच पुरतं. माणूस वेस ओलांडून दुसरीकडे गेला आणि तिथल्या लोकांनी “हा कुठला?” असं विचारलं की मग ‘कर’ चिकटतो. म्हणजे चौलकर हे चौलमधल्या माणसाचं नाव नव्हे, चौल सोडून आलेल्या माणसाचं नाव आहे. दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं ते मंगेशी गावावरून. पण ते नाव गाजलं कुठे? मंगेशीत नाही, तर गावोगावच्या रंगभूमीवर. प्रत्येक ‘कर’ म्हणजे गाव सोडल्याची एक पावतीच. ती पावती घेऊन निघालेल्या लोकांमध्ये बेने इस्राएल समाजाइतका प्रवास फार थोड्यांनी केला असेल. किहीमकर हे नाव ऐकलं की माहीतगाराच्या मनात बहुतेक वेळा हाच समाज येतो.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची मूळकथा अशी: फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यासमोर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. वाहून आलेले बाकीचे देह नवगावलाच पुरले. वाचलेली सात जोडपी आसपासच्या गावांत पसरली आणि तेलाचा घाणा घेऊन बसली. नवगावचं ते दफनस्थान आजही समाजात पवित्र मानलं जातं. ही घटना केव्हाची याबद्दल मतं अनेक आहेत, कोणी दोन हजार वर्षं सांगतं तर कोणी बरंच कमी. २०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासात १८ बेने इस्राएल व्यक्तींचे नमुने तपासले होते. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असे दोन्ही अंश ठळकपणे मिळाले आणि हा संगम साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा हिशेब निघाला. बाहेरून आलेला अंश प्रामुख्याने पुरुषांकडून, इथला प्रामुख्याने बायकांकडून. सात जोडप्यांच्या कथेशी हे तंतोतंत जुळत नाही. पण कथेचं काम वेगळं असतं आणि रक्ताच्या नमुन्याचं वेगळं. मला दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायला अडचण वाटत नाही.

कोकणात या लोकांना ओळखत ते ‘शनवार तेली’ म्हणून. शनिवारी यांचा घाणा बंद. शंकराचा वार म्हणून सोमवारी बैल सोडून ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनवार. शेजारपाजारच्यांना त्यात विशेष काही वाटत नसे. ज्याचा त्याचा देव, ज्याचा त्याचा वार. या लोकांना स्वतःला आपण ज्यू आहोत हे कितपत ठाऊक होतं, यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. हिब्रू जवळजवळ विसरलेली, धर्मग्रंथ नाहीत, पण शब्बाथ, सुंता, खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना एवढं टिकलेलं. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने त्यांची परीक्षा कशी घेतली, याची एक गोष्ट समाजात सांगतात. त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तिघांना धर्मविधी शिकवून काजी केलं. ती तीन घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर.

पाहा, इथेच ‘कर’ आले.

तेल्याचं घर गावात एखाद-दुसरंच लागतं. एका गावाला किती घाणे पुरणार? त्यामुळे हा समाज एका वस्तीत न राहता गावागणिक विखुरला. किहीमला एक घर, झिराडला एक, कुरूळला, नागावला, पेझारीला, चरीला, वाक्रूळला, रोह्याजवळच्या अष्टमीला, पेणला, चौलला, खाली दिवे आगरपर्यंत. लग्नाला, सुंतेला, मलिद्याच्या विधीला मंडळी जमली की एकमेकांना ओळखायला गावाचं नाव हीच सोपी खूण. समाजात अशी गावावरून पडलेली शंभराहून अधिक आडनावं आहेत. ती नकाशावर टिंबं देऊन मांडली तर मांडव्यापासून श्रीवर्धनच्या बाजूला जाणारी एक पट्टी दिसेल. थोडक्यात, आजच्या रायगड जिल्ह्याचा पश्चिम काठ. इतक्या विखुरलेल्या समाजाची इतकी नेटकी खानेसुमारी दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणं कठीण.

यातली बरीच आडनावं एकट्या बेने इस्राएलांची नाहीत, हे सांगायला हवं. दिवेकर चित्पावनही असतात, दांडेकरही. चौलकर, पेणकर, नागावकर कुठल्याही जातीत भेटतील, कारण गाव सगळ्यांचं होतं. नुसत्या आडनावावरून जात काढायची सवय असलेल्या मराठी माणसाची इथे चांगलीच फजिती होते. ‘दांडेकर’ म्हणताच समोरचा मनाशी कोकणस्थ ठरवून टाकतो आणि समोर असतात अहमदाबादचं प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड, ज्यांचं घराणं दांडेकर. त्यांची मुलगी एस्थर डेव्हिड यांनी याच घराण्याच्या आठवणींवर कादंबरी लिहिली. किहीमकर तसं फसवत नाही. ते लहानशा गावाचं, थोड्या घरांचं आणि म्हणून दुर्मीळ राहिलेलं नाव आहे.

ही मंडळी मुंबईला आली ती अठराव्या शतकाच्या मध्यापासून. पहिलं घर दिवेकरांचं, असं समाजाचा इतिहास सांगतो. कंपनी सरकारला पलटणीत माणसं हवी होती आणि यांना घाण्याबाहेर पडायचं होतं. समाजी हसाजी दिवेकर हे त्यातलं मोठं नाव. इंग्रजी कागदांत ते सॅम्युएल इझेकिएल होतात. हसाजी म्हणजे यहेज्केल, समाजी म्हणजे शमुवेल. आबाजी म्हणजे अब्राहम, रामाजी म्हणजे रहामीम. हिब्रू नावांना ‘जी’ लावून त्यांनी ती इतकी आपलीशी करून टाकली होती की आबाजी, रामाजी हाक मारली तर कोकणात कोणी वळूनही पाहिलं नसतं. समाजी टिपूविरुद्धच्या लढाईत पकडले गेले आणि सुटून आले. सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं, ‘शाआर हारहामीम’, दयेचं दार. सिनेगॉगला बेने इस्राएल लोक मशीद म्हणत. हार्बर लाइनवरच्या मस्जिद स्टेशनाचं नाव याच मशिदीवरून पडलं असं पुष्कळ जण सांगतात. सिनेगॉगसमोरच्या रस्त्याचं नाव मात्र सॅम्युएल स्ट्रीट. दिवेकर स्ट्रीट नव्हे. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पलटणीच्या मागोमाग सुतारकाम, गवंडीकाम, मग कारकुनी, रेल्वे, पोस्ट, तारखातं. वस्ती आधी डोंगरी-मांडवीला, तिथे इस्राएल मोहल्लाच होता. नंतर ती माझगाव, भायखळा, आग्रीपाडा, जेकब सर्कल अशी उत्तरेला सरकली. मुंबईत १६ एप्रिल १८५३ला पहिली आगगाडी धावली ती भायखळ्यावरूनच. त्याच १८५३ साली हाईम सॅम्युएल किहीमकर नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने भावांना बरोबर घेऊन समाजाच्या शिक्षणासाठी एक मंडळी काढली.

या हाईम सॅम्युएलांमुळेच किहीमकर हे नाव जगभरच्या ग्रंथालयांत जाऊन बसलं. जन्म १८३०चा. समाजातल्या मुलांना शाळा नाही, ही त्यांची आयुष्यभराची ठसठस. १८७५ साली त्यांनी शाळा काढलीच. ती पुढे माझगावला स्थिरावली आणि देणगीदाराच्या नावाने सर एली कदूरी हायस्कूल झाली. शाळा चालवता चालवता त्यांनी दुसरं एक काम अंगावर घेतलं होतं. समाजाच्या चालीरीती, सण, कहाण्या आणि गावांच्या नावांवरून आलेली आडनावं टिपून ठेवण्याचं. ‘हिस्टरी ऑफ द बेने इस्राएल ऑफ इंडिया’ हे त्यांचं पुस्तक १८९७ला लिहून तयार होतं. छापून निघालं १९३७ला, आणि तेही मुंबईत नव्हे, तेल अवीवला. इमॅन्युएल ओल्सवांगर हे गृहस्थ भारतात येऊन गेले होते, त्यांनी ते संपादित केलं. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून. तोवर लेखक हयात नव्हते. आज बेने इस्राएलांवर काहीही लिहायचं तर पहिला हात या पुस्तकालाच घालावा लागतो. म्हणजे आडनावांची यादी जपणाऱ्याचं स्वतःचं आडनाव त्या यादीतलंच एक.

त्यांनी टिपलेली सणांची मराठी नावं मला कोणत्याही वंशावळीपेक्षा बोलकी वाटतात. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. शिवाय एक खिरीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. वल्हांडण म्हणजे अनाशी ढाकायचा सण. आंबटाची बरणी त्या दिवसांत झाकून ठेवायची, कारण आंबलेलं काही चालत नाही. आणि जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा जो उपास, तो बिरड्याचा सण, कारण त्यात मोडाच्या वालांचं बिरडं होतं. मंदिर पडलं जेरुसलेममध्ये, दुःख आलं अलिबागच्या वालांसकट!

आता थोडं भायखळ्यात थांबू. परगावचा माणूस ज्यूंचं भायखळं बघायला येतो तेव्हा तो सर जे. जे. रोडवरच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगपाशी उतरतो. निळी इमारत, उंच मनोरा, घड्याळ. ते डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात बांधलं. पलीकडे राणीच्या बागेच्या आवारातला घड्याळाचा मनोराही ससूनांच्याच पैशाचा. ससून म्हणजे बगदादहून आलेले, अफू-कापसाच्या व्यापारात गडगंज झालेले. त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत: ससून गोदी, ससून लायब्ररी, पुण्याचं ससून हॉस्पिटल. पण किहीमकर-पेणकरांचं भायखळं हे नव्हे. बगदादी ज्यूंनी या तेलकट हाताच्या कोकणी भावंडांना बरोबरीने कधी वागवलं नाही. १८३६ साली तर त्यांनी दफनभूमीत आपली आणि यांची हद्द भिंत घालून वेगळी करून मागितली होती. मेल्यावर तरी भिंत कशाला, असा प्रश्न कोणाला पडला नाही. काळाने सूड उगवला तो असा की बगदादी कुटुंबं लंडन-सिडनीला पांगली, आणि त्यांच्या निळ्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारी दहा पुरुषांची संख्या भरायला बेने इस्राएलच पुढे आले.

बेने इस्राएलांचं स्वतःचं भायखळं आग्रीपाड्याच्या बाजूला सापडतं, जिथे मागेन हासिदीम सिनेगॉग आहे, आणि जेकब सर्कलला, जिथे तिफेरेथ इस्राएल. पाटी हिब्रू, इंग्रजी आणि मराठीत. घर ओळखायची खूण चौकटीवर असते: उजव्या बाहीला तिरपी ठोकलेली बोटभर लांबीची डबी, मेझुझा. आत गुंडाळीवर लिहिलेली प्रार्थना. येता-जाता तिला बोटं लावून ओठाला न्यायची, आपण उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतो तशीच. घरात मलिदा असेल तर ताट असं: धुऊन भिजवलेले पोहे, त्यात साखर, भरपूर खवलेलं ओलं खोबरं, वेलदोड्याची पूड, वरून बदाम-पिस्त्यांचे काप, भोवताली फळं. प्रार्थना एलियाहू हानाबी या प्रेषिताला. बेत कोकणातल्या कुठल्याही सत्यनारायणात खपेल आणि मंत्र हिब्रू. नोकरी लागली, नवस फेडला, लग्न ठरलं की मलिदा. निसीम इझेकिएल हे इंग्रजी कवी याच भागातल्या बेलासिस रोडवर राहायचे. त्यांचं कुटुंबही बेने इस्राएलच.

मग इतकी माणसं होती तर किहीमकर, झिराडकर ही नावं एवढी दुर्मीळ का?

सॅम्युएल स्ट्रीट आठवा. मराठी पद्धत अशी की स्वतःचं नाव, बापाचं नाव, मग आडनाव. इंग्रजी कचेऱ्यांना तीन नावांची ही गाडी नको असे. तिसरा डबा सुटला की बापाचं नाव हेच आडनाव व्हायचं. मोझेस, सॅम्युएल, डेव्हिड, बेंजामिन, इझेकिएल. या नावांनी युरोपियन साहेबाला माणूस चटकन ज्यू म्हणून कळे, आणि बऱ्याच जणांना तेच हवंही होतं. तेल्याचं गाव कशाला मिरवा? समाजात मात्र लग्नाच्या बोलण्यात “कोणते मोझेस?” हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर ‘कर’मध्ये द्यावं लागतं. एकाच आजोबांच्या नातवंडांची आडनावं वेगवेगळी निघू शकतात, कारण कोणी बापाचं लावलं, कोणी आजोबांचं, कोणी गावाचं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण रोज हजारो लोकांच्या तोंडी असतं. महालक्ष्मीहून वरळीला जाणारा डॉ. ई. मोझेस रोड. ई. मोझेस म्हणजे डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७ साली मुंबईचे महापौर. रस्त्याच्या पाटीवर राजपूर नाही. टॅक्सीवाल्याला वाटतं कोणी गोरा साहेब असणार. पाटीवर पूर्ण नाव असतं तर वरळीला जाताना माणसाला मुरूड-जंजिऱ्याची आठवण आली असती. याच राजपूरकरांपैकी आणखी एक, जोसेफ इझेकिएल राजपूरकर, त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून समाजाच्या हाती दिली. तेही बहुतेक ठिकाणी नुसते जोसेफ इझेकिएल.

सिनेमातही तेच झालं. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा आठवतो? पडद्यावर नाव नुसतं डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चौलकर. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड मूळचे पेणकर. शिक्षणात रेबेका रूबेन, किहीमकरांनी काढलेल्या शाळेच्या १९२२ ते १९५० एवढा काळ मुख्याध्यापिका. त्यांचं घराणं नवगावकर, म्हणजे ज्या किनाऱ्यावर गलबत फुटलं तिथलं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख असलेल्या आणि १९६६ला पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी वेगळीच तोड काढली. ‘कर’ गाळला, गाव ठेवलं. झिराड हे नाव वाचून कोणाला ते अरबी वाटतं, कोणाला फ्रेंच. मांडवा-अलिबाग रस्त्यावर त्या नावाची पाटी आहे, एसटी तिथे थांबते.

मुंबईबाहेरचा पसारा पाहिला तरी हाच खेळ. नोकरीच्या मागे माणसं पुण्याला गेली, अहमदाबादला गेली, एडनला, रंगूनला गेली. कराचीत १८९३ला मागेन शालोम सिनेगॉग उभं राहिलं ते शालोम सॉलोमन उमेरडेकर आणि त्यांचा मुलगा गेर्शोन सॉलोमन यांच्या पुढाकाराने. बाप उमेरडेकर, मुलगा सॉलोमन. एका पिढीत गाव गळालं! कराचीतलं ते सिनेगॉग १९८८च्या सुमारास पाडलं गेलं. ठाण्यात मात्र वस्ती टिकली, उलट वाढली. भायखळ्याच्या चाळी सोडून मोठ्या जागेसाठी निघालेली कुटुंबं तिकडे गेली, आणि आज मुंबईच्या पंचक्रोशीत समाजाची सर्वांत जिवंत वस्ती ठाण्यातच आहे.

मोठी गळती १९४८ नंतरची. इस्राएल राष्ट्र झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत भायखळ्याची घरं रिकामी होत गेली. इथे छळ नव्हता, हे बेने इस्राएल माणूस आवर्जून सांगतो. धर्माची ओढ, मुलांची लग्नं, कामधंदा अशी कारणं होती. २०११च्या जनगणनेत भारतभर ज्यू ४,६५०, त्यांतले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. राज्य सरकारने २०१६ला त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. उलट इस्राएलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या ८५ हजारांच्या आसपास सांगतात, आणि त्यांत बहुसंख्य बेने इस्राएल. लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना ही त्यांची गावं. तेव्हा आज किहीमकर शोधायचे तर किहीमला जाऊन उपयोग नाही, भायखळ्यात थोडे, ठाण्यात थोडे, पण जास्त शक्यता अश्दोदच्या बाजारात.

तिथलं आगतस्वागतही काही ठीक नव्हतं. वाळवंटातली कामं, गोऱ्या ज्यूंची तुच्छता. १९५२ला काही कुटुंबांनी धरणं धरून परतीचं तिकीट मागितलं आणि ती खरोखरच मुंबईला परत आली. पुढे त्यांतले बरेच पुन्हा गेले. १९६१नंतर तर तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नात चौकशी लावली. आजी कोण, पणजी कोण, सगळ्या शुद्ध ज्यूच ना? जेरुसलेममध्ये मोर्चे निघाले, उपोषणं झाली. शेवटी १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, हे पूर्ण ज्यू आहेत असा ठराव केला. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना शंभर पिढ्यांचा हिशेब मागायचा, हे मला आजही वाचवत नाही.

नावांचं तिथे काय झालं? काहींनी हिब्रू वळणाची नवी नावं घेतली, मोझेसचे मोशे झाले. पण काहींच्या बाबतीत उलटं घडलं. जिथे गल्लीत दहा मोशे आणि वीस डेव्हिड, तिथे बापाचं नाव आडनाव म्हणून कुचकामी. मुंबईत सोडून दिलेला ‘कर’ तिथे ओळख म्हणून पुन्हा कामाला येतो. दाराच्या पाटीवर शेवटी ‘कर’ दिसला की हे होदूचे, म्हणजे हिंदुस्थानचे, असं शेजाऱ्याला कळतं. गंमत अशी की हिब्रूत ‘कर’ या शब्दाचा अर्थ थंड. नेगेवच्या रखरखाटात घरोघर थंड म्हणून मिरवणारी आडनावं! ती मंडळी मराठीतून ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही काढत आली आहेत.

किहीमच्या बाबतीत एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तो १९३० साली किहीमला. नोकरी नव्हती, राहायला तिथे सासरच्या मंडळींचं घर होतं, आणि जवळच सुगरणींची वसाहत. एक नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो दुसरं घरटं सुरू करतो, ही त्या पक्ष्याच्या संसाराची भानगड त्यांनी तिथे शिडीवर बसून उलगडली. पुढे ज्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्याच संस्थेत आयझॅक किहीमकर यांनी आयुष्य घातलं. भारतातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं २००८चं जाडजूड पुस्तक रानावनात हिंडणाऱ्या मुलांच्या पाठपिशवीत असतं. एकाने किहीमला बसून पक्षी पाहिले, दुसऱ्याने किहीमचं नाव घेऊन फुलपाखरं. फुलपाखरांच्या कुठल्याही शिबिरात हे आडनाव आता कोणी माहीमकर असं लिहीत नाही.

अलिबागेत अजून इस्राएल आळी आहे, त्या आळीत सिनेगॉग आहे. रेवदंड्याला आहे, पेणला आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका कातळावर रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. एलियाहू हानाबी इथूनच आकाशात गेले, अशी श्रद्धा. इस्राएलहून येणाऱ्या बसगाड्या तिथे थांबतात. नातवंडं मोबाइलवर फोटो काढतात, त्यांची आपसातली बोली हिब्रू. आजी मात्र सावलीत बसून डब्यातून मलिदा वाढत असते आणि “जास्त घे गं, खोबरं खाली राहिलंय” असं अस्सल अलिबागी हेलात म्हणते. बाजूच्या वाडीतला कोणी म्हातारा कौतुकाने येऊन विचारतो, “कुठले तुम्ही?”

“किहीमकर आम्ही,” आजी सांगते.

“किहीम? मग हे काय, इथेच की,” असं म्हणून तो रस्त्याच्या दिशेने हात करतो.